नारळ फुटला की बटण

खंडेनवमीच्या सकाळी सांगलीतल्या हळदीच्या गिरणीत एका बाईचा हात पट्ट्यात गेला. पट्ट्यावरची जाळी माझ्या वडिलांनी काढली होती. बटण मालकांनी दाबलं. मी त्या मालकांची वकील होते.

त्या वेळी मी साताऱ्यात, माझ्या घरी होते. सुट्टी होती म्हणून पुस्तक घेऊन गॅलरीत बसले होते. आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील, त्या गिरणीतले मिस्त्री. फोनवर ते नेहमी आधी खोकायचे आणि मग "जेवलीस का" म्हणून विचारायचे. त्या दिवशी खोकले नाहीत.

"पोरी, हात गेला," ते म्हणाले.

"कुणाचा? तुमचा?"

"माझा न्हाई. हारवालीचा."

आणि मी विचारलं, "जाळी होती का?"

मागे कालवा ऐकू येत होता, कुणीतरी रिक्षाला हाका मारत होतं. मग आबांचा आवाज आला, "बाई जगली का, त्ये इचार आधी." फोन बंद झाला.

हात आबांचा नाही हे कळल्यावर मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्यातूनच तो प्रश्न बाहेर पडला. रोजच्या कामात मी तो इतक्या वेळा विचारलेला होता की तो विचारायला मला विचार करावा लागत नव्हता.

माझं काम काय, हे थोडं सांगायला हवं. मी कामगार कायद्याची वकील आहे, पण मालकांच्या बाजूची. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांना मी सल्ला देते. हळदीच्या गिरण्या, बेदाण्याची शीतगृहं, ओतकामाचे कारखाने, एखादी बेकरी. माणूस कामावर घेताना त्याला काय लिहून द्यायचं, त्याला काढायचं असेल तर आधी काय करायचं आणि रागाच्या भरात काय बोलायचं नाही, यंत्राभोवती काय असलं पाहिजे, तपासणीला साहेब आले तर त्यांना काय दाखवायचं. अपघात झाला तर मालकाने कुणाला कळवायचं आणि काय उत्तर द्यायचं. बरीच कामं चांगली असतात. माझ्या सांगण्यावरून जाळ्या बसल्या आहेत, शेडला दुसरं दार निघालं आहे, बायकांसाठी वेगळी मोरी झाली आहे. पण कॉलेजातल्या मैत्रिणी भेटल्या की विचारायच्या, "तू अजून मालकांचीच का?" मी म्हणायचे, कायदा पाळायचा असतो तो मालकानेच, मग त्याला कुणीतरी समजावून सांगायला नको का? हे खरं होतं आणि मी ते फार लवकर म्हणायचे.

आबांच्या गिरणीचं काम माझ्याकडे आलं ते आबांमुळेच. मालक एकदा त्यांना म्हणाले, "मिस्त्री, पोरगी एवढी शिकलीय, आमचंही बघेल का?" आबा त्या दिवशी आष्ट्याच्या आमच्या भावकीपर्यंत पेढे वाटून आले. मी पहिल्यांदा सल्लागार म्हणून गिरणीच्या ऑफिसात गेले, तेव्हा मालकांनी मला समोरची खुर्ची दिली. आबा दाराशी उभे होते. मालक म्हणाले, "बसा की मिस्त्री, आज तर तुमचा मान आहे." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." ते कधीच बसले नाहीत. जितक्या वेळा मी तिथे गेले तितक्या वेळा मी बसलेली आणि आबा दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे. त्या खोलीत मी त्यांना आबा म्हणायचे नाही आणि मिस्त्रीही म्हणायचे नाही. काहीच म्हणायचे नाही.

आता खंडेनवमीचं. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं, अवजारं, यंत्रं पुजतात. गिरणी धुऊन काढायची. वर्षभराची पिवळी धूळ पन्हाळीतून खाली यायची, ओढा पिवळा व्हायचा. मग हळद दळायच्या मोठ्या यंत्राची जाळी आबा पान्याने खोलायचे. त्या जाळीच्या आत मोटरीवरून येणारा पट्टा आणि त्याचं चाक. चाकाला तेल-पाणी, मग हळदी-कुंकू, मग हार. मी लहान असताना विचारलं होतं, "आबा, जाळीलाच लावा की कुंकू." ते म्हणाले होते, "देवाला पडद्याआडनं कुंकू लावतेत व्हय?"

पूजेनंतर आरती. आरती झाली की हार उतरवायचा. मग आबा उंबऱ्याशी जाऊन नारळ फोडायचे, आणि नारळाचा आवाज झाला की मालकांनी खांबावरचं बटण दाबायचं. यंत्र दोन-चार फेरे फिरायचं. आबा म्हणायचे, मशिनीनं श्वास घेतला. मग बंद. आबा जाळी परत बसवायचे आणि दसऱ्यापर्यंत यंत्राला कुणी हात लावायचा नाही. मालकांच्या वडिलांच्या काळापासून हे असंच चालत आलेलं. नारळ फुटला की बटण. हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

हार ती बाई आणायची. गिरणीत ती हळदीच्या पिशव्या भरायची, शिवायची. माहेर-सासर दोन्ही फुलाऱ्यांचं, मिरजेच्या मुसलमान वस्तीतलं. नवरा देवळाबाहेर फुलं विकायचा, आणि खंडेनवमीला गिरणीतल्या सगळ्या यंत्रांचे झेंडूचे हार हिच्या हातचे. चाकाचा हार सगळ्यांत जाड. तो ती दुसऱ्या कुणाला घालू द्यायची नाही, उतरवूही द्यायची नाही, कारण तोच हार पुढे गिरणीच्या दारावर चढायचा आणि तो तुटलेला तिला चालायचा नाही. आबांचं आणि तिचं कायम चाललेलं असायचं.

"मिस्त्री, एवढा हार बायकूला घातला हुता का कवा?"

"बायकू फिरत न्हवती गं. चाक फिरतं, त्येला राजी ठेवाय लागतं."

"मग मालकास्नी पन घाला एक. ते बी लय फिरत्यात."

मालकांसकट सगळे हसायचे. कॉलेजात असताना सुट्टीला आले की मीही तिथे असायचे. हात जोडून, पेढा तोंडात धरून, त्या उघड्या चाकासमोर.

हे मला नंतर फार छळत राहिलं. मी यंत्राभोवतीच्या जाळीबद्दल व्याख्यानं देत फिरत होते. त्याच गिरणीत, त्याच खांबावर, मीच लिहिलेला बोर्ड लागला होता: जाळी काढून यंत्र चालवू नये. कामगारांना गोळा करून मी तो वाचूनही दाखवला होता. पण मी तपासायला जायचे ती कामाच्या दिवशी. खंडेनवमीला सुट्टी, त्या दिवशी कोण तपासायला जातं? आणि पूजेच्या वेळी ते चाक उघडं आहे असं माझ्या कधी डोळ्यांत आलंच नाही. ते सजवलेलं दिसायचं. पूजेच्या दिवशी त्या बोर्डालाही कुंकवाचं बोट लागायचं, एक झेंडूचं फूल खोचलेलं असायचं.

त्या वर्षी मालकांचे व्याही पूजेला आले होते. त्यांना पुढे कुठेतरी जायचं होतं, गाडी दारात चालूच होती. आरती झाली. हारवाली चाकाच्या पलीकडच्या बाजूला हार उतरवायला गेली, तर दोरा चाकाच्या मधल्या खाचेत अडकला होता. ती वाकून तो सोडवत बसली. यंत्राच्या उंच पेटीमुळे ती अलीकडून दिसत नव्हती. मालक म्हणाले, "मिस्त्री, घ्या उरकून, पाव्हणे खोळंबलेत." आबा दरवर्षी हार उतरलेला बघूनच नारळ उचलायचे. त्या वर्षी मालकांच्या शब्दासरशी ते वळले आणि उंबऱ्यावर नारळ फोडला.

पुढचं मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी सांगलीला गेले. मालकांनी बोलावलं होतं. कराडपासून पुढे रस्त्यावर सगळीकडे नव्या गाड्यांना हार. गिरणी बंद होती. ऑफिसात मालक एकटे बसले होते, आणि आबा त्यांच्या जागी, दाराशी. मालकांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं असं दिसत होतं. ज्या हाताने बटण दाबलं तो त्यांनी खिशात घातलेला होता आणि बोलताना तो बाहेर येत नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. आजही मला त्यांना वाईट म्हणता येत नाही.

"ताई," ते म्हणाले, "तिचं जे काही आहे ते मी बघणारच. पण खटला झाला तर माझं काय? यातनं वाट काय?"

त्या क्षणी उठून मी म्हणायला हवं होतं की माझे वडील या प्रकरणात आहेत, मी हे काम घेऊ शकत नाही. एवढं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं. मी म्हटलं नाही. मला वाट विचारली होती आणि मला वाट माहीत होती. मी सांगत गेले. कायदा म्हणतो की अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झालेला असला पाहिजे. काल काम नव्हतं, सुट्टी होती. तिची हजेरी लागलेली नव्हती. ती हार घेऊन आपणहून आली. पूजा हा तिच्या कामाचा भाग नव्हता.

आणि मग मी आणखी एक वाक्य बोलले. मी म्हणाले, "शिवाय ती त्यांच्यातली. तिला पूजेला येण्याची सक्ती होती असं कुणी म्हणूच शकणार नाही."

मालकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. हे त्यांना सुचलं नसतं.

दुसरा मुद्दा मी त्याच आवाजात मांडला. मालकाने आपल्याकडून सगळी काळजी घेतली होती आणि चूक दुसऱ्या कुणी त्याच्या नकळत केली, असं दाखवता आलं तर कायद्यात मालकाला सुटका आहे. तुमच्याकडे बोर्ड आहे. प्रशिक्षण दिल्याच्या सह्या आहेत. जाळी काढली ती...

तिथे मी थांबले. दाराशी आबांनी खांदा चौकटीवरून काढला होता आणि ते सरळ उभे होते.

"मी काढली," आबा म्हणाले. "थांबलीस का? म्हन की."

मालक म्हणाले, "मिस्त्री, तसं नाही ओ. ताई फक्त कायदा सांगतात."

"व्हय. ऐकतोय की मी बी."

संध्याकाळी मी आबांच्या घरी राहिले. विश्रामबागेच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आबा स्वतःच करून खायचे. त्यांनी पिठलं केलं, मी भाकरी टाकल्या. आमच्याकडे सोनं म्हणून आपट्याची पानं देतात, ती कुणीच आणली नव्हती. जेवण झालं. हात धुऊन आल्यावर आबांनी विचारलं, "दुपारी जे म्हनालीस, त्ये समदं कायद्यात बसतं?"

"बसवता येतं."

"म्हंजी तिचा हात कुनाचाच न्हाई. कामावर गेला न्हाई, तर मग कुठं गेला?"

मी ताटं उचलून मोरीत नेली.

"उद्या-परवा साहेब येनार. मला इचारनार. मी काय सांगू?"

मी म्हणाले, "आबा, मी मालकांची वकील आहे. तुम्ही काय सांगायचं हे मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"आन् माझी कोन हायस?"

ते रागाने बोलले नव्हते. खरंच विचारत होते. नियम काय आहे, तो त्यांना समजून घ्यायचा होता. मी म्हणाले, तुमच्यासाठी मी दुसरा वकील बघते. तेव्हा मात्र ते हसले. "लोक काय म्हनतील? पोरगी वकील, आन् म्हातारा फिरतोय दुसऱ्याचा वकील घेऊन. ऱ्हाऊ दे. मी माझं बघतो."

अंथरुणावर पडल्यावर ते अंधारात म्हणाले, "ती त्यांच्यातली, असं म्हनालीस तू." मी झोपेचं सोंग घेतलं. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

मिरजेच्या दवाखान्यात मी गेले ते सकाळी. जायचं धाडस नव्हतं, पण आबा निघाले आणि मला मागे राहता येईना. आबा वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसले. आत यायला तयार होईनात. मी एकटी गेले. ती जागी होती. मनगटाच्या वर मोठी पट्टी. उरलेल्या हाताची नखं पिवळी होती, हळदीने, वर्षानुवर्षांच्या हळदीने. मला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा करायला हात उचलला, आणि जो उचलला तो नव्हताच. तिने दुसऱ्याने पदर घेतला.

"ताई, चाकात हार तसाच हाय का?"

मी म्हणाले, असेल.

"काढाय सांगा. कुजला की लय वास मारतोय झेंडू." मग तिने विचारलं, "मिस्त्री कुठं हायत?"

"बाहेर."

"बाहीर कशाला? मी काय त्यांचा कान पिळनार हाय? आता एकाच हातानं पिळाय येईल." ती हसली आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिची सासू उशाशी बसली होती, तिने तोंड फिरवलं.

निघताना तिने विचारलं, "ताई, शेजारच्या बाया म्हनत हुत्या, सुट्टीच्या दिवशी गेलीस, तुला काय बी मिळनार न्हाई. खरं हाय का? मिस्त्रींनी आदल्या दिवशी सांगितलं म्हनून आले की मी."

शेजारच्या बायकांपर्यंत ते गिरणीतूनच गेलं असणार; मूळ बोलणारी मीच होते, हे तिला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "बघू. तुम्ही आराम करा." अशी वाक्यं मला पाठ होती.

मालकांसाठी उत्तर मी लिहिलंच. साताऱ्याला परत जाऊन, दारं लावून, नीट, स्वच्छ मराठीत लिहिलं. माझी भाषा चांगली आहे असं सगळे म्हणतात. लहानपणापासून वाचनाचं वेड, आबांनी रद्दीतून आणलेल्या पुस्तकांनी घडवलेली ती भाषा. फक्त जाळी कुणी काढली त्या ठिकाणी मी कुणाचं नाव लिहिलं नाही. "पर्यवेक्षकाने" असं लिहिलं. त्या शब्दामागे आबा दिसत नव्हते. मला तेवढंच हवं होतं.

तपासणीचे साहेब आले ते दिवाळीच्या आधी. शेडमध्येच एक टेबल टाकलं होतं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मालक आणि मी. आबांना समोर स्टूल दिलं. साहेब म्हणाले, "बसा." आणि आबा बसले. मालकांसमोर मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"बोर्ड वाचला होता का तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या पोरीनं लिवलाय साहेब. न वाचून कसं चालंल? त्येला कुंकू मीच लावलं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. तोपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग जाळी काढलीत ती मालकांना न विचारता?"

"इचारलं न्हाई. दरसाल काढतो. मालकांचे वडील हुते तवापासनं काढतो. मालक समोरच उभं असत्यात, त्यास्नी दिसतंयच की."

"त्या बाईला कुणी बोलावलं होतं?"

"मी. आदल्या दिवशी शेडमधनं फिरून समद्यांस्नी सांगतो, उद्या पूजेला यायचं. मालकांच्या वतीनं."

साहेबांनी माझ्या उत्तरातल्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे म्हटलंय की ती आपखुशीने आली."

"आपखुशीनं आली," आबा म्हणाले. "तिला आवड हुती साहेब, खोटं कशाला बोलू? पर न येऊन चालत न्हवतं. एक साल एक पोरगं आलं न्हवतं, तर आठवडाभर त्येला पोती उचलाय लावली. कुनी सांगितली न्हाईत, पर लावली. समद्यांस्नी म्हाईत हाय."

मालक टेबलाकडे बघत होते. मीही. ती पोती उचलायला लावणारे आबाच असणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि आबांनी ते लपवलं नव्हतं.

"नारळ कुणी फोडला?"

"मी. न बघता फोडला."

"आणि बटण?"

आबांनी मालकांकडे बघितलं नाही. मालकांच्या चपलांकडे बघितलं. मग म्हणाले, "मालकांनी."

एवढंच झालं. तिचा हात कामावर गेला असं धरलं गेलं. तिला जे मिळायचं ते मिळालं, उशिरा, पण मिळालं. मालकांवर खटला झाला, आबांवरही काही काळ टांगती तलवार राहिली, आणि शेवटी मालकांना दंड होऊन प्रकरण मिटलं. माझं उत्तर फाइलीत राहिलं. खटला उभा राहायच्या आधीच मी गिरणीचं काम सोडलं. मालकांनी कारण विचारलं नाही. जाताना एवढं म्हणाले, "ताई, मिस्त्री खरं तेच बोलले. त्यांना सांगा, यायचं बंद करू नका."

मी आबांना सांगितलं. ते गेले नाहीत. गिरणीच्या किल्ल्या त्यांनी शेजाऱ्याच्या पोरीबरोबर पाठवून दिल्या. मला वाटायचं, खरं बोलले, आता त्यांना मोकळं वाटत असेल. तसं झालं नाही. ज्याच्या हाताखाली आयुष्य काढलं त्याचं नाव आपण साहेबापुढे घेतलं, याची त्यांना लाज होती. आपण न बघता नारळ फोडला, याची होती. या दोन लाजा एकमेकींना खोडत नव्हत्या. बाजारात जाताना ते गिरणीचा रस्ता टाळायचे. मिरजेला कुणाकडे गेले तर देवळाकडची वाट टाळायचे, कारण तिथे ती फुलांच्या टोपलीमागे बसू लागली होती. मी सुट्टीला गेले की ते मला भाकरी वाढायचे, माझ्या तब्येतीची चौकशी करायचे, माझ्या कामाबद्दल मात्र विचारायचे नाहीत. पूर्वी विचारायचे. "आज कुनाला शानं केलंस?" असं विचारायचे.

आबा गेले ते साध्या आजारात, झोपेत. आम्हाला तयारीला वेळ मिळाला होता. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर चुलतभावाने पिंड ठेवला. लोक मागे सरकायच्या आत कावळा आला आणि शिवला. सगळ्यांनी हुश्श केलं. एक जण म्हणाला, "समाधानानं गेला गडी. काय बी मागं राह्यलं न्हवतं." बायका मला म्हणाल्या, नशीबवान आहेस. मी मान हलवली. कावळ्याला कोण विचारणार?

मालक आले होते. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे राहिले, खाली आले नाहीत, हात खिशात. मी वर जाऊन नमस्कार केला. त्यांनी हात बाहेर काढून जोडले.

ती थोड्या वेळाने आली, मुलीला घेऊन. मुलीच्या हातात हार होता, जाड, झेंडूचा.

"हिनं केलाय," ती म्हणाली. "मी दोरा दातात धरून एक बाजू वढते, ती ववती. पयल्यासारखा न्हाई हुत."

हार तिने घाटाच्या पायरीवर, आबांच्या फोटोपुढे ठेवायला लावला. मग माझ्याकडे वळली.

"मी हाक मारली तरी मान खाली घालून जायचे. दोनदा मारली. हात माझा गेला आन् तोंड हे लपवत फिरले. एकदा तरी यायचं हुतं ओ ताई. त्यांनी सांगितलं म्हनून तर माझा हात हिशेबात आला. एवढं तरी मला म्हनू द्यायचं हुतं."

मला त्या वेळी सांगता आलं असतं. तुम्हाला दवाखान्यात जे कळलं ते शेजारच्या बायकांचं नव्हतं, माझं होतं. वाक्य तयार होतं. भोवती लोक होते, भटजी दक्षिणेसाठी थांबले होते, आणि मला वाटलं, आज आबांचा दिवस आहे, आज नको. मी म्हणाले, "घरी येऊन जा."

"तुमी अजून मालकांचंच काम करता?"

"हो. या गिरणीचं नाही, दुसऱ्यांचं."

"करा," ती म्हणाली. "पर पूजेच्या दिवशी जावा मातर. पेढा खायला न्हवं."

त्याला आता काही वर्षं झाली. ती घरी आली नाही, मी मिरजेला गेले नाही. देवळाजवळून एकदा गेले तेव्हा ती गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि मी पुढे निघून गेले. आबा मान खाली घालून का जायचे, ते मला तेव्हा कळलं.

खंडेनवमीला मी सांगली-साताऱ्यातल्या माझ्या कारखान्यांत जाते, सगळ्यांत जमत नाही, जमतील तेवढ्यांत. जाळी काढू देत नाही. हार जाळीवर घालायचा, कुंकू जाळीला, आणि मोटरीचा मुख्य खटका पाडून त्याला लावलेल्या कुलपाची चावी पूजा होईपर्यंत मिस्त्रीच्या खिशात. म्हातारे मिस्त्री कुरकुरतात. एकाने मला विचारलंही, "देवाला पडद्याआडनं कुंकू का मॅडम?" मी म्हणाले, हो. पेढा मी घेत नाही, त्याचं कारण कुणाला सांगत नाही.

अपघाताचे फोन अजून येतात. मालक घाबरलेला असतो. जाळी होती का, हा प्रश्न माझ्या तोंडात आधी येतो. तो मागे ठेवून मी माणूस कसा आहे ते विचारते. कधी जमतं. कधी तो आधी विचारून झालेला असतो.